दावीद रहाबीची परीक्षा आणि बेने-इस्राएलांचा ‘हेसेद’

बेने-इस्राएल समाजाविषयीं मराठींत व इंग्रजींत आजवर जें लिखाण झालें आहे त्यांत एक यादी पुनःपुन्हां भेटते. कोंकणच्या किनाऱ्यावर इतर यहुदी जगापासून तुटून शतकानुशतकें राहिलेल्या या लोकांनीं आपल्या धर्मापैकीं काय काय राखिलें, त्याची ही यादी होय. शनिवारची विश्रांति, आठव्या दिवशीं मुलाची सुंता, भक्ष्याभक्ष्याचे कांहीं नियम आणि ‘शमा’ या ईश्वरैक्याच्या वचनाचा पाठ, हीं कलमें बहुतेक प्रत्येक लेखक देतो. या विषयावरचा पायाभूत ग्रंथ म्हणजे हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा इंग्रजी इतिहास. तो १८९७ सालीं लिहून झाला, पण छापून निघाला १९३७ सालीं, तोहि तेल अवीव येथें. मागून आलेल्यांनीं ही यादी फारशी न तपासतां उचलली, आणि आतां ती इतकी रूढ झाली आहे कीं तींत कांहीं राहून गेलें असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं.

आमच्या मतें तींत एक मोठें कलम राहून गेलें आहे. यहुदी नीतिशास्त्रांत ज्यास ‘गमिलूत हसादीम’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगीं पडण्याचा धर्म, तें हें कलम. ‘पिर्के आबोथ’ या नीतिवचनांच्या संग्रहांत शिमोन हत्सद्दीक याच्या नांवावर जें वचन आहे, त्याचा आशय असा कीं जगाचा भार तीन खांबांवर आहे : धर्मशास्त्राचें अध्ययन, ईश्वराची सेवा आणि हें गमिलूत हसादीम. तिसरा खांब ज्या यादींत नाहीं ती धर्माच्या अवशेषांची म्हणून पुरी कशी मानावी?

ही उणीव कशी राहिली हें समजण्यास दावीद रहाबीच्या आख्यायिकेकडे पाहावें. रहाबी नांवाचा एक विद्वान यहुदी बाहेरून कोंकणांत आला. हे लोक खरोखर इस्राएलाचे वंशज आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं त्यानें त्यांच्या स्त्रियांपुढें मासे ठेविले. स्त्रियांनीं पंख व खवले असलेले मासे वेगळे काढिले व बाकीचे शिजविण्याचें नाकारलें. रहाबीची खात्री पटली. त्यानें त्यांतील तिघांस शिकवून काजी नेमिलें. या पुरुषाचा काळ कोणी अकराव्या-बाराव्या शतकांत नेतात, कोणी त्यास अठराव्या शतकांतील कोचीनच्या रहाबी घराण्याशीं जोडतात. प्रस्तुत कामास तो वाद नको. आमचें लक्ष परीक्षेच्या स्वरूपाकडे आहे. परीक्षा माशांची झाली. वाटेवर मेलेल्या परक्यास तुम्ही माती देतां काय, सुतकी घरीं अन्न कोण पोंचवितो, दमलेल्या बैलास सुटी मिळते काय, हें रहाबीनें विचारल्याचें आख्यायिका सांगत नाहीं. आणि पुढच्या इतिहासकारांनीं रहाबीचाच कागद हातीं धरून उत्तरें तपासलीं.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे, कारण घोटाळ्याचा अर्धा भाग भाषांतरांत आहे. हिब्रूंत या प्रांतांत तीन शब्द वावरतात आणि मराठींत आपण तिन्हींस ‘दया’ किंवा ‘दानधर्म’ म्हणून मोकळे होतों. पहिला ‘सेदाका’. अरबीच्या वाटेनें आलेला त्याचा भाऊ ‘सदका’ मराठीस परका नाहीं. पण हिब्रूंत या शब्दाचा धातु न्यायाचा आहे. गरिबास देणें ही तेथें कृपा नसून त्याचें देणें चुकविणें होय. दुसरा ‘रहामीम’. त्याचें नातें गर्भाशयवाचक शब्दाशीं आहे, आणि आपल्या बोलण्यांतला ‘रहम’ त्याचाच आप्त. पोटांतली माया, कळवळा, हे मराठी शब्द त्यास अधिक जवळचे. मुंबईच्या मांडवी भागांतील बेने-इस्राएलांचें आद्य प्रार्थनामंदिर ‘शाआर हारहामीम’ या नांवानें ओळखलें जातें. ‘दयेचें द्वार’ असें त्याचें भाषांतर करून आपण पुढें जातों; त्या नांवांत आई आहे, ती भाषांतरांत उरत नाहीं.

तिसरा शब्द ‘हेसेद’, आणि ‘गमिलूत हसादीम’ हें त्याचेंच आचरण. हा शब्द मित्रामित्रांत, नवराबायकोंत, धन्याचाकरांत, ईश्वर व त्याची प्रजा यांत सारखाच चालतो. नातें राखण्याची निष्ठा आणि त्या नात्यापायीं हिशेबापेक्षां अधिक करणें, असे दोन्ही अर्थ त्यांत एकत्र नांदतात. मराठींत यास एका शब्दाचा पर्याय नाहीं. जुन्या पत्रांच्या शेवटीं ‘लोभ असूं द्यावा’ असें लिहीत; त्या ‘लोभा’त हेसेदाचा जेवढा अंश आहे तेवढा दयेंत नाहीं, असें आम्हांस वाटतें. दया वरून खालीं येते. लोभ बरोबरीच्यांत चालतो आणि दोन्ही बाजूंनीं चालतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. तालमूदाच्या सुक्का प्रकरणांत सेदाका व गमिलूत हसादीम यांची तुलना करून दुसऱ्यास तीन बाबतींत श्रेष्ठ ठरविलें आहे. सेदाका पैशानें होते, हें पैशानें व देहानेंहि होतें. सेदाका गरिबास, हें गरीब-श्रीमंत दोघांसहि. सेदाका जिवंतास, हें जिवंतास आणि मेलेल्यासहि. हे तीन भेद ध्यानांत ठेवल्यास ‘दया’ हा शब्द येथें किती तोकडा पडतो तें दिसेल. श्रीमंतावर कोणी दया करीत नाहीं. पण त्याच्या आजारांत उशाशीं बसावें लागतेंच. मेलेल्यावर दया करण्यास अर्थ नाहीं. पण त्यास न्हाऊं घालून, खांदा देऊन मातीआड करावें लागतें, आणि त्याच्याकडून परतफेडीची आशा नसल्यामुळें हाच खरा हेसेद असें शास्त्रकार म्हणतात. याचें मूळ उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. वृद्ध याकोब मिसर देशांत मरणोन्मुख असतां पुत्र योसेफ याच्याकडे एकच मागणें मागतो, मला या परक्या मातींत पुरूं नको. आणि तें मागतांना जो शब्द वापरतो तो हेसेदच होय.

मराठींत ‘दया’ हा शब्द येथें रूढ कसा झाला? जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें तें मुख्यतः बेने-इस्राएलांसाठीं. पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतरहि या समाजाच्या हातीं प्रथम मिशनऱ्यांकडूनच आलें. ज्या १३६ व्या स्तोत्राच्या सव्वीस चरणांत हेसेद हा शब्द सव्वीस वेळां येतो, तेथें मराठींत दया हा शब्द बसला. ईश्वराच्या बाबतींत तो शोभतोहि. अडचण तेव्हां होते जेव्हां तोच शब्द माणसांच्या परस्परव्यवहारास लागूं करून, दया करणारा कोण व ती घेणारा कोण अशी उतरंड आपण कल्पितों.

समाजाच्या स्वतःच्या भाषांतरकारांनीं मात्र एके ठिकाणीं मूळ हेतु अचूक साधला आहे. पास्काच्या रात्रीं वाचावयाच्या ‘हगादा’चें मराठीसह मुद्रण मुंबईंत १८४६ सालीं शिळाछापावर झालें, पुण्यास १८७४ सालीं निघालेल्या सचित्र आवृत्तींत तर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या लुगड्यांत दाखविल्या आहेत. या विधीच्या आरंभीं भुकेल्यांस जेवावयास येण्याचें जें आवाहन आहे तें हिब्रूंत नसून अरामी भाषेंत आहे, कारण अरामी ही त्या काळची बाजारांतली बोली होती. बोलावणें पाहुण्यास कळलें नाहीं तर तें बोलावणेंच नव्हे. तेंच आवाहन मराठींत आणणें म्हणजे अरामीनें केलेलें काम पुढें चालविणें होय, आणि ज्यांस हिब्रू येत नव्हतें अशा घरच्या बायकामुलांसहि तें कळूं लागलें हें थोडें नव्हे.

यापेक्षां महत्त्वाचें साधन कीर्तन. १८८० सालीं मुंबईंतील कांहीं बेने-इस्राएल गृहस्थांनीं हरिदासांची पद्धति पाहून आपल्या पूर्वजांच्या चरित्रांवर मराठींत कीर्तनें करण्यास आरंभ केला. आम्ही हें दादरला बसून लिहीत आहों. येथें १९४० सालीं स्थापन झालेली अखिल भारतीय कीर्तन संस्था पूर्वरंग-उत्तररंगाचें शास्त्र रीतसर शिकवीत आली आहे. तेव्हां दादरच्या वाचकास या घटनेचें मोल समजावून सांगण्याची गरज नसावी. नीति ग्रंथांतून शिकणें एक आणि ती आख्यानांतून अंगीं उतरणें वेगळें. आब्राहामाचें आख्यान घ्या. तंबूच्या दारांत तो बसला असतां ईश्वर त्यास दर्शन देतो; इतक्यांत तीन वाटसरू दिसतात, आणि आब्राहाम उठून त्यांच्याकडे धांवतो. यावरून तालमूदकारांनीं सिद्धांत काढिला कीं पाहुण्याचें स्वागत हें ईश्वरदर्शनापेक्षांहि थोर. परक्या देशांतील श्रोत्यास हें धाडसाचें वाटेल. ज्यानें आईबापांची सेवा चालू असतां विठ्ठलास विटेवर तिष्ठत ठेविलें, त्या पुंडलिकाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्यास, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, यावर टीका लागत नाहीं. कीर्तनाचा हा सांचा निवडणाऱ्यांनीं केवळ एक करमणुकीचा प्रकार उसना घेतला असें कोणी लिहितात तें वरवरचें आहे.

आतां ग्रंथांपूर्वींच्या काळाकडे वळूं, कारण वादाचा मुद्दा तेथेंच आहे. कोंकणांत या लोकांचा मुख्य धंदा तेलाचा घाणा, आणि शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. महादेवाच्या नंदीस मानून सोमवारीं घाणा बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’. या नांवाकडे सर्व लेखक शनिवार पाळल्याचा पुरावा म्हणून पाहतात, आणि तो आहेच. पण निर्गमाच्या पुस्तकांत सातव्या दिवशीं काम थांबविण्याचें कारण काय दिलें आहे? बैलास व गाढवास विसांवा मिळावा, दासीच्या मुलास व परक्यास दम घेतां यावा. अनुवादाच्या पुस्तकांतहि बैलाचा व चाकराचा उल्लेख पुन्हां आहे. घाणा हा बैलाच्या कष्टावर चालणारा धंदा. म्हणजे शेजाऱ्यांनीं जें नांव दिलें तें शब्बाथचें जितकें आहे तितकेंच मुक्या जनावरास मिळालेल्या सुटीचें आहे. यादींत आलेलें एक कलम असें उघडून पाहिलें तर त्याच्या पोटांत हेसेद सांपडतो.

दुसरें उदाहरण नवगांवचें. अलिबागेजवळ या ठिकाणीं गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि वाहून आलेलीं प्रेतें किनाऱ्यावरच पुरलीं, अशी समाजाची उत्पत्तिकथा आहे; पुरुषांचा व स्त्रियांचा असे दोन उंचवटे तेथें दाखवीत. सातांचा आंकडा आणि गलबत फुटणें या गोष्टी कोंकणांतील इतर कथांतहि भेटतात. त्यामुळें इतिहास म्हणून ही कथा कितपत धरावी याविषयीं विद्वानांत दुमत आहे, आणि आम्हीहि तीवर भार टाकीत नाहीं. परंतु समाज आपला आरंभ कोणत्या कृत्यापासून मोजतो हें कथेवरून कळतें. नेसत्या वस्त्रानिशीं किनाऱ्यास लागलेल्या चौदा जणांचें पहिलें कार्य म्हणून परंपरेनें घर बांधणें सांगितलें नाहीं, देऊळहि नाहीं. बुडालेल्यांस माती देणें सांगितलें. केहीमकरांनीं या कथेचा उपयोग समाजाचें प्राचीनत्व सिद्ध करण्याकडे, आंतिओख एपिफनीसच्या छळापर्यंत मागें नेण्याकडे केला. त्यांची गरज आपण समजूं शकतों. ते एका बाजूचे वकील होते. कथेचा नैतिक अर्थ मात्र वकिलीच्या गडबडींत राहून गेला.

सुतकाची चालहि अशीच. मृताच्या घरचें पहिलें जेवण घरच्यांनीं न शिजवितां शेजाऱ्यांनीं आणावें असा यहुदी नियम आहे. आपल्याकडे पिठलें-भात घेऊन येणारी शेजारीण कोणास माहीत नाहीं? तालमूदांत या नियमाचा पुढचा भाग आहे तो मुळांतून पाहण्यासारखा आहे. पूर्वीं श्रीमंतांकडे हें अन्न सोन्याचांदीच्या पात्रांतून जाई, गरिबांकडे वेताच्या टोपलींतून. गरिबांस लाज वाटूं लागली, म्हणून सर्वांनींच वेताची टोपली वापरावी असें ठरलें. प्रेतवस्त्राच्या खर्चापायीं गरीब लोक प्रेत टाकून पळूं लागले, तेव्हां रब्बान गमलिएल यानें स्वतःस साध्या तागी वस्त्रांत नेण्यास सांगून तो पायंडा सर्वांस घालून दिला. दुसऱ्यास मदत करणें येथें पुरेसें मानलेलें नाहीं. ती घेतांना त्याची मान खालीं जाऊं नये याचा विचार आहे.

येथें एक आक्षेप निघेल तो आम्हीच काढितों. बैलास सुटी, सुतक्यास जेवण, मेलेल्यास खांदा, या गोष्टी कोंकणांतील प्रत्येक गांवांत प्रत्येक जातींत होत्या. मग त्यांस यहुदी शिकवण कां म्हणावें? आक्षेप खरा आहे. गांवकीपासून काय आलें आणि मोशेच्या शास्त्रापासून काय, याची वांटणी आतां कोणी करूं शकणार नाहीं. परंतु याच कसोटीनें पाहिलें तर भक्ष्याभक्ष्याचे व विटाळाचे नियमहि सभोंवतीं सर्व जातींत होतेच. ते यादींत येतात, हे येत नाहींत. एकच गोष्ट शास्त्रांत लिहिलेली आहे व लोकांत चाललेली आहे, तेव्हां ती शास्त्राची नव्हेच असें म्हणण्यास आधार काय? यहुदी परंपरेंत सौजन्य हें केवळ स्वभावावर सोडलेलें नाहीं, तें अभ्यासाचा विषय आहे. त्स्फातचे मोशे कोर्दोव्हेरो (१५२२-१५७०) यांच्या ‘तोमेर देवोरा’ या, १५८८ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या, लहानशा पुस्तकांत ईश्वराचे तेरा करुणागुण एकेक घेऊन मनुष्यानें ते कसे उचलावे हें सांगितलें आहे. रादिनचे इस्राएल मेइर कागन यांनीं १८८८ सालीं ‘आहावत हेसेद’ लिहून उसनवार, मजुरी, गहाण, पाहुणचार यांचे नियम कायद्याच्या कलमांसारखे मांडले. कोंकणांत अशीं पुस्तकें नव्हतीं. पाठ नव्हता, परिपाठ होता.

या परिपाठाची नोंद इतिहासांत कां येत नाहीं याचें दुसरें कारण साधनांचें आहे. पुण्याचें ससून रुग्णालय, लाल देऊळ, मुंबईचें ससून ग्रंथालय यांवर दात्यांचीं नांवें दगडांत आहेत. त्यामुळें मराठी वाचकास यहुद्यांचें औदार्य म्हटलें कीं बगदादहून आलेलें ससून घराणें आठवतें. तें औदार्य खरेंच मोठें होतें. परंतु पैशाचा शिलालेख होतो, देहाचा होत नाहीं. रात्र जागून प्रेतास न्हाऊं घालणाऱ्याचें नांव कोणत्या भिंतीवर असतें? बेने-इस्राएलांपैकीं १७९६ सालीं मांडवीचें प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांचें नांव राहिलें, पण त्यांच्याहि कथेंत चटका लावणारा भाग दानाचा नाहीं. कंपनीच्या पलटणींतील हे अंमलदार म्हैसूरच्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडले, आणि टिपूच्या आईनें रदबदली केल्यामुळें वांचले, असें परंपरा सांगते. मैमोनिदेसानें बंदिवान सोडविणें हें भुकेल्यास अन्न देण्याहूनहि वरचें मानिलें आहे. येथें तें पुण्य एका मुसलमान मातेच्या पदरांत पडलें, आणि समाजानें तें आजवर कृतज्ञतेनें सांगितलें.

एवढें म्हटल्यावर दुसरी बाजू टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या धर्मांत मृताची सेवा हा सर्वांत शुद्ध हेसेद, त्याच धर्माच्या लोकांनीं मुंबईंत भिंत मागितली ती स्मशानांत. बगदादी यहुदी व बेने-इस्राएल यांची पुरण्याची जागा प्रथम एक होती. १८३६ सालीं बगदाद्यांपैकीं कांहींनीं तींत मध्यें भिंत घालावी असा सरकारकडे अर्ज केला. कारण हेंच कीं हे लोक शास्त्र जाणत नाहींत. स्वतः बेने-इस्राएलांतहि गोरे व काळे असा भेद होता. काळ्या म्हटलेल्यांशीं गोरे सोयरीक करीत नसत आणि प्रार्थनामंदिरांतहि त्यांस मागें ठेवीत. जो अपमान वरून आला तोच खालीं पोंचता केला गेला, असें म्हणावें लागतें. कोर्दोव्हेरोच्या तेरा गुणांतील पहिलाच असा आहे कीं अपराध करणाऱ्यासहि त्याच क्षणीं ईश्वर आधार देत असतो. या पाठाचा वर्ग दोन्ही घरांत भरला नव्हता.

पुढें इस्राएलांत हाच प्रश्न मोठा होऊन उभा राहिला. १९४८ नंतर तेथें गेलेल्या बेने-इस्राएलांच्या विवाहांविषयीं मुख्य धर्माधिकाऱ्यांनीं १९६२ सालीं पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढिले, निदर्शनें झालीं, शेवटीं १९६४ सालीं तेथील कायदेमंडळानें हा समाज सर्वतोपरी यहुदी आहे असें जाहीर केल्यावर प्रकरण निवळलें. या चौकशींत विचारणा घटस्फोटाच्या व पुनर्विवाहाच्या विधींची होती. रहाबीचे मासे पुन्हां एकदां पानावर आले, एवढाच याचा अर्थ. आणि दुःखाची गोष्ट ही कीं समाजाच्या वकिलांनींहि उत्तर त्याच भाषेंत दिलें : आम्ही अमुक विधि पाळला, तमुक सोडला नाहीं. तीन खांबांपैकीं तिसरा पुढें करून, आमच्या किनाऱ्यावर कोण उघड्यावर पडून राहिला तें दाखवा, असें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं.

आज हा समाज महाराष्ट्रांत थोडक्या हजारांवर आला आहे; २०१६ सालीं राज्य सरकारनें त्यास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या बाजूंस प्रार्थनामंदिरें उभीं आहेत. मृतासाठीं ‘कद्दीश’ म्हणावयाचें तर दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि पुष्कळ गांवीं ते मुंबईहून वा ठाण्याहून कोणी आल्यावांचून जमत नाहींत. कबरींवरचे लेख हिब्रू व देवनागरी अशा दोन लिप्यांत आहेत; हिब्रूंत ठरीव वचन, मराठींत गांवाचें आडनांव आणि मृत्यूची तिथि. कोंकणचा पाऊस दगडाचें अक्षर फार दिवस ठेवीत नाहीं. या लेखांच्या नकला गांववार उतरून घेण्याचें काम मुंबई व ठाण्यांतील संशोधकांनीं येत्या कोरड्या दिवसांत हातीं घ्यावें, आणि नकल घेतांना त्या कबरीची झाडलोट सध्या कोण करतो, त्याचेंहि नांव शेजारीं लिहून ठेवावें.